सूर्य चौथ्या दिवशी, मग पहिले तीन दिवस मोजले कोणी?

घोडबंदरचा_वसईकर

यंदा पास्काच्या जागरणविधीत पहिलं वाचन माझ्याकडे आलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ईस्टरच्या आदल्या रात्री देवळातले सगळे दिवे मालवतात, बाहेर अग्नी पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावून अंधारात आत येतात. जुन्या करारातल्या वाचनांची सुरुवात होते ती बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाने, "प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली" इथून. (आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो. त्यावरून धागा भरकटवू नका.)

तर घरी मोठ्याने सराव चालला होता. लेकीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली आहे. बोर्डाच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती', तोंडपाठ आहे तिचा. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली, त्यातल्या चौथ्या दिवसापर्यंत मी आलो आणि सोफ्यावरून आवाज आला, "पप्पा, सूर्य चौथ्या दिवशी? मग पहिले तीन दिवस मोजले कोणी? आणि झाडं तिसऱ्या दिवशी उगवली, सूर्याशिवाय?"

मी ठेवणीतलं उत्तर दिलं, "देवाचा दिवस आपल्यासारखा चोवीस तासांचा नसतो." त्यावर ती म्हणाली, "मग 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' असं दर वेळी कशाला लिहिलंय?"

निरुत्तर.

योगायोगाने त्याच आठवड्यात एका मित्राबरोबर नवी मुंबईतल्या एका प्रार्थनासभेला गेलो होतो. तिथल्या वक्त्यांनी पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं सांगितलं आणि नोहाच्या तारवात (महापुरातून जीव वाचवणाऱ्या जहाजात) डायनासोरची पिल्लं होती असंही सांगितलं. पिल्लं का, तर मोठे मावले नसते. लोक माना डोलावत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे हसत हसत सांगितलं तर शेजारच्या टेबलवरचा म्हणतो, "तुम्ही लोकांनी तर गॅलिलिओला कोंडलं होतं, तुम्ही कशाला हसताय?"

मला खरंच विचारायचं आहे. बायबलमधली जीवसृष्टीची गोष्ट आणि आजचं विज्ञान, दोन्ही एका डोक्यात प्रामाणिकपणे राहू शकतात का? की रविवारी एक टोपी आणि सोमवारी दुसरी?

---

तर्रीबाज

पहिल्या तीन दिवसांचं मस्टर देवाने बॅकडेटेड भरलं असणार. सरकारी कामात चालतं.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

रबाळे_रसायन

लेकीला माझ्याकडून एक वडापाव. प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर 'नाही' असंच आहे, त्यात वळणं घेण्यासारखं काही नाही. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून जवळपास हाच आकडा काढला, आणि तो आजवर हललेला नाही. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सूक्ष्मजीवांच्या थरांचे जीवाश्म आहेत, सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे. फळझाडं सूर्याआधी, पक्षी जमिनीवरच्या प्राण्यांआधी, हा क्रम कुठल्याही खडकात सापडत नाही.

तुम्ही श्रद्धा ठेवा, माझी काही हरकत नाही. पण "जुळतं" म्हणू नका.

---

पंत_नौपाडा

आपल्याकडे ही अडचणच नाही. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. आधी पाण्यातला, मग उभयचर, मग सस्तन, मग अर्धा माणूस. डार्विन झाला १८५९ ला. दशावतार कधीचे? विचार करा.

---

रबाळे_रसायन

पंत, कासव उभयचर नसतं, सरपटणारं असतं. आणि नरसिंह हा सिंह व माणूस यांच्या मधला टप्पा, असं तुमचं म्हणणं असेल तर मला माकडांची बाजू घ्यावी लागेल.

---

तर्रीबाज

+१. माकडांच्या वतीने निषेध नोंदवा.

---

नगरची_लेक

वसईकर, तुमच्या लेकीचा प्रश्न नवा नाही, पण ज्यांनी तो आधी विचारला ती माणसं ऐकून तिला बरं वाटेल. तिसऱ्या शतकातले ओरिजेन हे ख्रिस्ती पंडित. त्यांनी जवळजवळ याच शब्दांत विचारलं होतं: सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस, आणि त्यांची सकाळ-संध्याकाळ, हे कोणता शहाणा माणूस खरं मानेल? तेव्हा डार्विन नव्हता, पॅटरसन नव्हते. मजकूर नीट वाचला एवढंच.

मी वाशीत राहते, मूळची अहमदनगरची (आता अहिल्यानगर). आजोबा पाळक होते. ते हा अध्याय आम्हा पोरांना वहीत दोन रकान्यांत लिहायला लावायचे. डावीकडे पहिला, दुसरा, तिसरा दिवस; उजवीकडे चौथा, पाचवा, सहावा. पहिल्या दिवशी उजेड, समोर चौथ्या दिवशी ज्योती. दुसऱ्या दिवशी अंतराळ आणि पाणी, समोर पाचव्या दिवशी पाखरं आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी भूमी, समोर सहाव्या दिवशी पशू आणि माणूस. आधी घर बांधलं, मग त्यात बिऱ्हाड आणलं. हे काही पंचांग नव्हे, ही रचना आहे. लिहिणाऱ्याला सूर्याशिवाय दिवस होत नाही हे कळत नव्हतं असं समजणं म्हणजे त्याला आपल्यापेक्षा फारच अडाणी ठरवणं.

आणि एक. मराठी बायबलात त्या जागी 'सूर्य' आणि 'चंद्र' हे शब्द नाहीतच, 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती' आहेत. हिब्रूतही तसंच. शेजारच्या बाबेलोनात सूर्य-चंद्र हे देव होते. तिथल्या सृष्टिकथेत मार्दुक हा देव तियामात या सागरदेवीला चिरून आकाश आणि पृथ्वी करतो, आणि माणूस घडवतो तो देवांची चाकरी करायला. त्या वातावरणात कोणी तरी म्हणतंय, ते देव नाहीत हो, टांगलेले दिवे आहेत, आणि माणूस कुणाचा वेठबिगार नाही. बऱ्याच अभ्यासकांना या अध्यायाचा रोख तिकडे दिसतो. भांडण बाबेलोनशी होतं, जीवशास्त्राच्या पुस्तकाशी नव्हतं.

---

विश्वासी_ऐरोली

सर्वांना सलाम. मी बहुधा त्याच सभेत होतो, त्यामुळे बोलणं भाग आहे.

ताई, तुम्ही छान लिहिता. पण पहिल्या अध्यायाला 'रचना' म्हटलं की तिसऱ्या अध्यायातल्या आदामालाही, म्हणजे पहिल्या माणसालाही, 'रचना' म्हणावं लागेल. मग प्रेषित पौल रोमकरांस पत्रात पाचव्या अध्यायात लिहितो की एका माणसाद्वारे पाप जगात आलं आणि पापाद्वारे मरण, त्याचं काय? आदाम झालाच नसेल तर ख्रिस्त कोणाचं केलेलं निस्तरायला आला? मी शिकलेला माणूस आहे, आयटीत आहे, मला कोणी फसवलेलं नाही. मला एवढंच दिसतं की एक वीट काढली की भिंत हलते.

आणि रसायनसाहेब, निर्जीवातून जीव कसा आला ते तुमच्या विज्ञानाने अजून करून दाखवलेलं नाही. पाश्चरने तर सिद्ध केलं की जीव जिवातूनच येतो. बरोबर ना?

---

रबाळे_रसायन

पाश्चरने काय दाखवलं? हंसासारख्या मानेच्या चंबूत उकळलेला रस्सा ठेवला तर त्यात आपोआप जंतू होत नाहीत. म्हणजे आजच्या हवेत, चार दिवसांत, रश्शात होत नाहीत. ४०० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन जवळपास नसलेल्या पृथ्वीवर काय झालं, याबद्दल तो चंबू काही सांगत नाही.

आता प्रामाणिक हिशोब. १९२४ ला ओपारिन आणि १९२९ ला हाल्डेन यांनी स्वतंत्रपणे मांडलं की आदिम पृथ्वीवर साध्या वायूंपासून जीवनाचे घटक बनू शकतात. (हे हाल्डेन १९५७ ला भारतात आले, पुढे इथलं नागरिकत्व घेतलं, १९६४ ला भुवनेश्वरात वारले. आपलेच म्हणा.) १९५३ ला स्टॅन्ली मिलर यांनी युरी यांच्या प्रयोगशाळेतलं काम छापलं: मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, पाण्याची वाफ, त्यात विजेच्या ठिणग्या. आठवडाभरात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाली. बरोबर पुष्कळ डांबरासारखा चिकटा मिळाला, हे पाठ्यपुस्तकं सांगत नाहीत. मी रोज रिअ‍ॅक्टर चालवतो, चिकट्याची मला सहानुभूती आहे.

पुढे आरएनए (डीएनएचा भाऊबंद रेणू) स्वतः विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, काम करू शकतो हे कळलं. चेक आणि आल्टमन, १९८९ चं नोबेल. २००९ ला सदरलंडच्या गटाने आरएनएचे काही घटक साध्या रेणूंपासून बनवून दाखवले. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये जे नमुने आणले त्यांत प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं निघाली, आणि डीएनए-आरएनएचे पाचही बेस.

काय झालेलं नाही? कच्च्या रसायनांपासून जिवंत पेशी कोणी बनवलेली नाही. रेणूंचा डावा-उजवा भेद, म्हणजे आपली अमिनो आम्लं सगळी डावरीच का, याचं पक्कं उत्तर नाही. पाण्यात रेणूंच्या साखळ्या जोडायच्या आणि त्याच पाण्याने त्या तोडायच्या, ही कटकट आहेच. डार्विनने स्वतः १८७१ ला हूकरला लिहिलेल्या पत्रात 'कोमट छोट्या डबक्या'ची कल्पना केली, तीही 'जर' लावून. तेव्हा तुमचं "करून दाखवलेलं नाही" बरोबर. पण त्यातून "म्हणून देवाने केलं" हे निघत नाही. "अजून काम चालू आहे" एवढंच निघतं.

---

नगरची_लेक

इथे मी रसायनसाहेबांच्या बाजूने, आणि श्रद्धेच्या कारणाने. नाझी तुरुंगातून १९४४ साली बोनहोफर या जर्मन पाळकाने पत्रात लिहिलं होतं की आपल्या अपुऱ्या ज्ञानातल्या भोकांना देवाचं ठिगळ लावू नये. ज्ञान वाढलं की भोक बुजतं, आणि देव मागे मागे सरकत जातो. उद्या रबाळ्याच्या रिअ‍ॅक्टरात पेशी तयार झाली तर मी उपासनेला जायचं बंद करू?

---

घोडबंदरचा_वसईकर

दोन दिवस जागून वाचत होतो. एक गोष्ट हाती लागली, ती माझ्या तरी डोक्यात उलटीच बसलेली होती.

मला वाटायचं, "निर्जीवातून जीव" ही कल्पना म्हणजे नास्तिकांची, आणि चर्च पहिल्यापासून तिच्या विरोधात. तसं नाहीच! हजार-दीड हजार वर्षं ख्रिस्ती पंडित ते बिनदिक्कत मानत होते. चौथ्या शतकातले संत बासिल याच अध्यायावरच्या प्रवचनांत सांगतात की नुसत्या चिखलातून वाम (सापासारखा लांब मासा) निपजते, कारण देवाने "भूमी प्राणी उत्पन्न करो" असा हुकूम दिला आणि तो हुकूम अजून चालू आहे. मजकूर पुन्हा पाहा, खरंच तसा आहे. देव थेट "मासा हो" म्हणत नाही, पाण्याला सांगतो, जमिनीला सांगतो. संत ऑगस्टिन तर म्हणतात की देवाने सृष्टीत बीजासारखी कारणं पेरून ठेवली, ती आपापल्या वेळी उगवतात. शिवाय ते बजावतात की ख्रिस्ती माणसाने ग्रहताऱ्यांबद्दल शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलून अन्यधर्मीयांपुढे हसं करून घेऊ नये. हे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला! त्या सभेत मला ते वाक्य माहीत असायला हवं होतं.

पुढची गंमत. अठराव्या शतकात नीडहॅमने उकळलेल्या रश्शातून आपोआप जीव होतो असं प्रयोगाने "दाखवलं", आणि स्पालान्झानीने ते चुकीचं ठरवलं. दोघेही कॅथलिक पाद्री. एक फादर म्हणतो होतो, दुसरा फादर म्हणतो होत नाही, आणि बायबलला कोणीच धक्का लागला म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकात भौतिकवाद्यांनी ती कल्पना उचलली तेव्हा बाजू बदलल्या. मग पाश्चर आमचा झाला.

म्हणजे विश्वासीभाऊ, मातीतून जीव येणं ही आमच्या भिंतीतली वीट कधी नव्हतीच.

आणि हो, राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावताना म्हणतात ना, "तू माती आहेस आणि मातीस परत जाशील"? हिब्रूत माती म्हणजे 'अदामा', तिच्यातून 'आदाम'. आता ऐका: मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीवर आरएनएच्या साखळ्या जोडल्या जातात असं प्रयोगांत दिसलंय! मातीच! वाचून अंगावर काटा आला.

---

रबाळे_रसायन

वसईकर, पंतांना दशावतारावरून मी धुतलं तेव्हा तुम्ही बदाम दिला होतात. आता तुम्ही काय केलंत?

---

तर्रीबाज

झेल!!! सीमारेषेवर.

---

पंत_नौपाडा

बघा. कासवाला न्याय मिळाला.

---

घोडबंदरचा_वसईकर

मान्य. पकडलंत. काटा आला तो आला, पण पुरावा म्हणून तो चालणार नाही.

आणि लाज अशी की याचाच सर्वांत मोठा धडा आमच्याच माणसाने दिलाय. जॉर्ज लमेत्र, बेल्जियन पाद्री, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ ला गणिताने मांडणारे. १९५१ ला पोप बारावे पायस यांनी भाषणात त्या सिद्धांताचा धागा "प्रकाश होवो" शी जोडला, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. त्यांचं म्हणणं, माझा सिद्धांत उद्या चुकला तर? देवाला त्यात ओढू नका. पोपनी पुढे ती जोडणी पुन्हा केली नाही.

तेव्हा माझं मत आता असं. जुळतं का, हा प्रश्नच मला सोडायला हवा. जुळवायची हौस हीच खोड. सभेतले वक्ते विज्ञान वाकवून पुस्तकाला बसवतात, मी चिकणमाती आणून पुस्तक विज्ञानाला बसवत होतो. वाकवणं दोन्हीकडे तेच.

---

पंत_नौपाडा

चेष्टा बाजूला ठेवून एक सांगतो. फादर स्टीफन्स, गोव्यातले इंग्रज जेझुइट. त्यांनी १६१६ साली बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगितली, सृष्टीच्या उत्पत्तीपासून. नाव काय दिलं? ख्रिस्तपुराण. इतिहास नाही, बखर नाही, पुराण. मराठी माणसाला पुराण कसं ऐकायचं ते सांगावं लागत नाही. देवळात बसून ऐकताना आपण कधी विचारत नाही की समुद्रमंथनाचं ठिकाण नकाशावर कुठे. आणि ते खोटंही म्हणत नाही.

---

विश्वासी_ऐरोली

पंत, आदरपूर्वक: स्टीफन्सना ते सगळं घडलेलंच वाटत होतं. त्यांनी 'पुराण' म्हटलं ते ऐकणाऱ्यांची सवय बघून. तुमचा अर्थ त्यांच्या तोंडी घालू नका.

आणि माझ्या आदामाच्या प्रश्नाला सगळ्यांनी बगल दिली.

---

नगरची_लेक

दिली खरी. आणि स्टीफन्सबद्दल तुमचं बरोबर आहे.

आदामाचा प्रश्न खरा अवघड आहे, आणि "रूपक आहे हो" म्हणून तो जात नाही. आपल्या जनुकांतली विविधता बघता माणसांची संख्या कधी दोघांवर आली होती असं दिसत नाही, ती हजारांतच मोजावी लागते. पोप पायस यांनी १९५० च्या पत्रात शरीराच्या उत्क्रांतीवर चर्चा करायला मोकळीक दिली, पण आत्मा देव थेट घडवतो असं सांगितलं, आणि अनेक 'पहिली माणसं' ही कल्पना आदिपापाशी (आदामाकडून सगळ्यांकडे आलेल्या पापाशी) कशी जुळेल ते दिसत नाही असंही म्हटलं. १९९६ ला जॉन पॉल म्हणाले की उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकाहून अधिक आहे. पण आदामाची गाठ त्यांनीही सोडवली नाही. आमच्या प्रोटेस्टंटांत तर विचारूच नका, चार मंडळ्यांत पाच मतं.

दुसरी गाठ मरणाची. माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी एकमेकांना खात होते, कुजत होते, जातीच्या जाती नष्ट होत होत्या. पापाआधी मरण. "सर्व फार चांगले आहे" असं देव म्हणतो ते याला? याचं उत्तर माझ्याकडे नाही. आजोबांकडेही नव्हतं, ते त्या दिवशी वही मिटायचे.

---

रबाळे_रसायन

हे आवडलं. इथे माझ्या शास्त्राचं काही काम नाही, मी चहा प्यायला जातो.

---

निवटी

मी वाचक आहे, लिहीत नाही फारसा. चिखल, वाम वगैरे वाचून राहवलं नाही. ऐरोलीला खाडीवर या. ओहोटीला चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, चालताना दिसतात, पंखांवर रेटत, डोळे वर. मासा जमिनीवर कसा आला याचा तो पुरावा नव्हे (ते पूर्वज वेगळे होते, हे आधीच सांगतो, नाहीतर रसायन मारतील). पण पाण्यातल्या जिवाने चिखलावर दिवस काढणं कसं दिसतं ते कळतं. आणि रोहित पक्षी आहेत अजून. छोटे रोहित ज्या निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांवर जगतात, त्यांच्या पूर्वजांनीच सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठवायला सुरुवात केली. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. वाशी पुलावरून रोज जाता, खाली बघत नाही कोणी.

---

तर्रीबाज

निवट्या कालवणातही बऱ्या लागतात. अवांतराबद्दल क्षमस्व.

---

घोडबंदरचा_वसईकर

काल रात्री वाचन झालं. अंधार, हातात मेणबत्ती, मेण बोटावर सांडलं, "ज्योती होवोत" वर एकदा अडखळलो. समोर तिसऱ्या बाकावर लेक होती. चौथ्या दिवशी तिने भुवया उंचावल्या, मी तिकडे बघायचं टाळलं.

विधी संपल्यावर आवारात केक-चहा चालू असताना ती थेट फादरांकडे गेली. मला वाटलं सूर्याचं विचारणार. तिने विचारलं, "आदाम होता का?" (हा धागा ती वाचते, हे मला काल कळलं.) फादर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी ये. मला पण नीट बसून बोलायला कोणीतरी हवंय त्यावर." ती जाणार आहे. दहावीचं पुस्तक घेऊन.

विश्वासीभाऊ, तुमचा प्रश्न तिने चोरला. तुम्हीही या, फादरांना विचारून ठेवलंय.

---

विश्वासी_ऐरोली

पुनरुत्थानाच्या शुभेच्छा सर्वांना. गुरुवारी उशिरापर्यंत कॉल असतो, तरी बघतो. मत बदललेलं नाही, आधीच सांगतो.

---

निवटी

रविवारी खाडीवर कोण कोण येतंय? ओहोटी बघून वेळ कळवतो. जुने बूट घाला, चिखल घोट्याच्या वर येतो.